खिळे मोजणारे याकोबकाका

आमच्या घरात देव नव्हते, पत्रके होती. इतरांकडे ज्या कोपऱ्यात देव्हारा असतो तिथे आमच्याकडे लोखंडी रॅक होता आणि त्यावर बाबांनी लिहिलेल्या चार-चार पानी पत्रकांचे गठ्ठे. भानामती, अंगात येणे, चमत्कारी अंगठ्या, शुभमुहूर्त. मी वाचायला शिकले ती याच कागदांवर. आजही मी काही लिहिले की संपादक म्हणतात, हे तर पत्रक झाले. मला त्याची लाज वाटत नाही. जिथे माणसे देवाच्या नावाने एकमेकांची दारे बंद करतात, तिथे पत्रक लिहिणे हे सभ्य माणसाचे काम आहे असे मी मानते.

पण ही सगळी पत्रके ज्यांनी आपल्या बोटांनी जुळवली, ते याकोबकाका रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायचे.

काका वर्ध्याच्या बाजारातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. मालक मूळचे कापडाचे व्यापारी. छापखाना त्यांनी जोडधंदा म्हणून घातला होता, त्यामुळे सगळे त्यांना शेठजीच म्हणत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, तेरवीची कार्डे आणि आमची पत्रके एवढेच तिथे छापले जाई. कॉम्प्युटर आमच्या बाजारात पोचण्याआधीची ही गोष्ट. तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा. उतरत्या लाकडी केसमध्ये लहान लहान घरे आणि एकेका घरात एकेका अक्षराचे खिळे. आमच्या छापखान्यात काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वारही वेगळा खिळा. 'देव' लिहायचा तर द घ्यायचा, मात्रा घ्यायची, व घ्यायचा. काका केसकडे बघत नसत. डाव्या हातात धरलेल्या लोखंडी स्टिकमध्ये ओळ वाढत जाई आणि उजवा हात कोंबडी दाणे टिपते तसा टिपत राही.

बाबा प्रुफे तपासायला गेले की कधी कधी मीही जायची. एकदा काकांनी स्टिक खाली ठेवली आणि बाबांना म्हणाले, "सर, एक तक्रार आहे तुमची."

"बोल."

"तुमच्या पत्रकाले द लय लागते. देव नाई, देव नाई म्हणता म्हणता माह्या केसमधले द संपून राह्यले. आमच्या पाळकसायबाच्या पत्रकालेही इतके देव लागत नाई."

बाबा हसत सुटले. पुढे घरी कोणी आले की हा किस्सा बाबाच सांगायचे, काकांच्या आवाजात.

काका बुटके होते, खांदे पुढे आलेले, डोक्यावर बारा महिने पांढरी टोपी. जुळवलेला मजकूर उलटा दिसतो, तो वाचून वाचून त्यांना सरळ-उलट्याचा फरक राहिला नव्हता. टेबलाच्या पलीकडे कोणी पेपर उघडून बसले तर ते अलीकडून वाचायचे आणि पान उलटायच्या आधी बातमी सांगून मोकळे व्हायचे. बोलताना अंगठा पहिल्या बोटावर फिरत असायचा, जणू तिथे एखादा खिळा आहे आणि त्याची खाच ते चाचपतात. आणि त्यांचे दोन शब्द होते. एखादी गोष्ट मनासारखी झाली की म्हणायचे, "भाग गेला." नाही झाली की, "बाकी उरली." चहाला भाग जायचा, भाजीला बाकी उरायची. पिपरी मेघे या वर्ध्यालगतच्या वस्तीत, आमच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. गल्लीतली पोरे त्यांना पाहून ओरडायची, "काका, आज काय, भाग का बाकी?" ते थांबून, विचार करून, खरे उत्तर द्यायचे. पोरांना ते अपेक्षित नसायचे. ती पळून जायची.

भाग आणि बाकी हे शब्द त्यांच्या तोंडी कुठून आले, ते सांगायचे तर त्यांच्या बायकोबद्दल सांगावे लागेल.

मंजुळाबाई केळझरच्या. शेतकरी घरातली मुलगी. वर्ध्यात शिवणक्लासला यायच्या, तिथल्या पावत्या छापून द्यायला काका जायचे. लग्न झाले तेव्हा दोन्हीकडचे लोक उठले. चर्चमधल्यांचे म्हणणे, आधी बाप्तिस्मा घे. मंजुळाबाईंचे म्हणणे, "मंग मी माह्या गणपतीले काय सांगू?" त्यांनी शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही. नाताळला काकांच्या शेजारी बाकावर बसायच्या, करंज्या करून सगळ्या चर्चला वाटायच्या, आणि चतुर्थीला एसटीने केळझरला, गावच्या टेकडीवरच्या गणपतीला जायच्या. त्यांचा थोरला भाऊ वामनराव बहिणीला घरात घेत असे, जावयाला नाही. काका त्यांना स्टँडवर सोडायचे आणि संध्याकाळी परत आणायला जायचे. मला मंजुळाबाई आठवतात त्या एवढ्याच, की त्या माझ्या वेणीला हात लावून म्हणायच्या, "तेल नाई लावत का तुही माय? पत्रकच लिहिते का तीही?"

मूलबाळ नव्हते. शेवटच्या आजारात त्यांना सतत कोणीतरी जवळ लागू लागले, तेव्हा वामनराव जीप घेऊन आले आणि बहिणीला केळझरला घेऊन गेले. काका दारात उभे होते. वामनरावांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. महिन्याच्या आत मंजुळाबाई गेल्या. शेठजींच्या दुकानात फोन आला, निरोप काकांपर्यंत उशिरा पोचला, एसटी उशिरा मिळाली. केळझरच्या फाट्यावर ते उतरले तेव्हा शेताकडून धूर दिसत होता. काका पुढे गेले नाहीत. परतीच्या गाडीत बसले.

आणि मग काही दिवसांनी छापखान्यात तेरवीचे कार्ड आले. केळझरहून कोणी पोरगा मजकूर शेठजींकडे देऊन गेला होता. शेठजींनी न वाचताच कागद काकांच्या केसवर ठेवला. मंजुळाबाईंच्या तेरवीचे ते कार्ड होते. खाली भावांची नावे होती. काकांचे नाव नव्हते. नवऱ्याचा उल्लेखच नव्हता.

काकांनी ते कार्ड जुळवले. दुसरा कोणी कंपोझिटर नव्हता.

हे मला त्यांनीच सांगितले, पुष्कळ वर्षांनी, आवाज न बदलता. "जुळवता जुळवता मी खिळे मोजत गेलो, पोरी. काऊन मोजले मले माहीत नाई. डोळ्यापुढं अक्षर येऊ द्यायचं नव्हतं म्हणून असंल. तिच्याबद्दलच्या दोन ओळी होत्या. चौऱ्याऐंशी खिळे भरले. सात बारे."

सात म्हणजे देवाच्या विसाव्याचा दिवस, बारा म्हणजे प्रभूचे शिष्य. घरी येऊन त्यांनी शास्त्र उघडले. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतो, माझ्या बापाच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहे, त्या वचनावर ते थांबले. दुसऱ्या दिवशी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते वचन जुळवले आणि मोजले. चौऱ्याऐंशी.

त्या दिवसापासून काका शास्त्र वाचेनासे झाले, मोजू लागले.

त्यांना जाणून घ्यायचे होते ते एकच. मंजुळाबाई बाप्तिस्म्याशिवाय गेल्या. चर्चच्या हिशेबात त्या बाहेर. मग वर गेल्यावर त्या भेटणार की नाही? पाळकांना विचारण्याची छाती नव्हती, कारण पाळक काय म्हणतील ते ठाऊक होते. पण शास्त्राच्या आत, अक्षरांच्या खाली, परमेश्वराने काही लपवून ठेवले असेल तर ते पाळकांच्या वर होते. एक वचन जुळले म्हणजे योगायोग. सगळे जुळले तर तो निरोप. म्हणून ते एकेक वचन जुळवीत राहिले आणि खिळ्यांच्या आकड्याला साताने भागत राहिले. भाग गेला की बायको जवळ यायची. बाकी उरली की दूर जायची. गल्लीतल्या पोरांना खरे उत्तर द्यायला ते का थांबायचे, ते मला खूप उशिरा कळले.

छापखाना बंद झाला तेव्हा बाकीचे शिसे भंगारात गेले. काकांनी एक केस मागून घेतली. पिपरीच्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत खाट, स्टोव्ह आणि ती केस, एवढेच. आतल्या खोलीत फळ्यांवर जुळवलेली वचने सुतळीने बांधून ठेवलेली. भाग गेलेली वरच्या फळ्यांवर, बाकी उरलेली खाली. खिळे कमी पडले की खालची सोडवायची आणि अक्षरे परत घरात टाकायची. वरच्याला हात लावायचा नाही. भेटायला फारसे कोणी येत नसे. मी गेले की ते खाटेवरची चादर झटकायचे. पाहुणा येणार म्हणून झटकलेली नव्हे, खूप दिवस कोणी बसले नाही म्हणून झटकलेली, हे आवाजावरून कळे.

एव्हाना मी कॉलेजात होते आणि माझ्या अंगात बाबांच्या पत्रकांचे रक्त होते. एक चांगला माणूस आकड्यांच्या नादाने वाया जातो आहे हे मला सहन होत नव्हते. मी बाबांचे एक जुने पत्रक घेऊन गेले.

"काका, यातली ओळ जुळवा आणि मोजा."

"कोणती?"

"कोणतीही."

पहिल्या ओळीला बाकी उरली. दुसरीला उरली, तिसरीलाही. चौथी ओळ होती, चमत्कार हा अडाण्यांचा बाजार आहे, अशी काहीतरी. काकांनी खिळे मोजले, परत मोजले.

"किती?" मी विचारले.

"भाग गेला."

"मग? बाबांनी लिहिलंय हे. देव नाही म्हणून लिहिलंय. यातही सात आहेत. म्हणजे शेंगदाणे मोजले तरी सातचे ढीग होतील. म्हणजे तुमच्या मोजण्यात काही नाही, काका."

त्यांनी ती ओळ बोटाने चाचपली. मला वाटले, जिंकले. मग त्यांनी टोपी सारखी केली. "म्हणजे तुह्या बापाच्या तोंडूनही तोच बोलून राह्यला. मी तं पहिल्यापासून म्हणत होतो." आणि ती ओळ त्यांनी सुतळीने बांधली आणि वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितले. मला वाटले ते चिडतील. ते म्हणाले, "माझं एक पत्रक तरी स्वर्गात गेलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला हरवू नको गं. दुसरं काही आहे का त्याच्याजवळ?" मी बाबांशीही भांडले. खोट्या आधारापेक्षा निराधार बरे, असे मी तेव्हा म्हणत असे. आजही म्हणते, पण आता ते म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे काकांच्या त्या दोन खोल्या येतात.

चर्चमध्येही त्यांनी एकदा तोंड उघडले. नवे पाळक आले होते, तरुण, पुण्याकडे शिकलेले, मोटरसायकलवर फिरणारे. काका वरच्या फळीवरची दोन वचने पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. मीही होते, कारण पिशवी जड होती. पाळकांनी चहा दिला. सगळे ऐकून घेतले, आणि मऊ आवाजात म्हणाले, "याकोबराव, शुभवर्तमान मुळात ग्रीक भाषेत लिहिलं गेलं. मराठीतली अक्षरं मोजून काय निघणार?"

"सायेब, प्रभू माह्याशी ग्रीकमधून कधी बोलला नाई," काका म्हणाले. "मराठीतूनच बोलला. माह्या बायकोशी तं वऱ्हाडीतून बोलत असंल."

पाळक हसले. मग त्यांनी विचारले, "तुमच्या मिसेस आपल्या मंडळीत होत्या का?"

काकांनी पिशवीची नाडी बांधली. "करंज्या लय चांगल्या करायची," ते म्हणाले आणि उठले.

त्या रविवारनंतर ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागले. लोक नमस्कार करत आणि पुढे जात. तो आकडेवाला, असे कोणी म्हटले की बाकीचे समजत. कोणी त्यांचा अपमान केला नाही. नुसती त्यांच्या बाकावर जागा राहू लागली. मला चीड आली होती, त्या चर्चची, केळझरच्या त्या घराची, दोन्हीकडच्या त्या सगळ्या सोज्वळ माणसांची, ज्यांनी एका जोडप्याला जगताना मधोमध कापले आणि मेल्यावरही कापलेलेच ठेवले. मी तसे लिहूनही काढले. काकांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि विचारले, "छापाले देणार असशीन तं कोण्या टाइपात?"

मग समुद्रपूरची गोष्ट घडली.

काकांच्या केसमधला ळ झिजून गेला होता. ज्या घरात मूठभर खिळे होते तिथे दोन-तीन उरले, तेही बोथट. ळ नाही तर मंजुळा नाही, असे ते म्हणाले. समुद्रपूरला पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्राचा एक जुना छापखाना मोडतो आहे असे बाबांच्या कानावर आले, आणि काकांना घेऊन मी एसटीने गेले. रस्त्याने दोन्हीकडे कापूस फुटला होता. काका खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या मोजत होते, ओठ हलत होते. ते आनंदात होते.

छापखान्याचे मालक त्यांच्याच वयाचे. दोघांनी एकमेकांची बोटे पाहिली आणि ओळख झाली. मालकांनी केस दाखवली. "घ्या काय पाह्यजे थे. कबाडीवाला उद्या येणार आहे."

काकांनी ळ च्या घरात हात घातला. मग थांबले. शेजारच्या घरातून दुसरा खिळा उचलला, उजेडाकडे धरला. तिसरा उचलला. इथल्या टाइपात मात्रा वेगळी नव्हती. के हा अख्खा एक खिळा होता. कें हाही एकच. काना, मात्रा, अनुस्वार सगळे अक्षराला जोडूनच ओतलेले.

"हा टाइप कोणता जी?"

"अखंड. पहिल्यापासून हाच. तुमच्याइकडं?"

"आमच्याइकडं सुटा."

काकांनी स्टिक मागितली. मला कळले ते काय करणार, आणि मी दाराकडे जाऊन उभी राहिले. योहानातले वचन त्यांना पाठ होते. परक्या केसमध्ये हात अडखळत होता, घरे शोधावी लागत होती. ओळ पुरी झाली. त्यांनी मोजले नाही. डोळ्यांनीच दिसत होते, ती किती लहान झाली आहे ते. मग मोजलीच. आकडा त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

मी किती वर्षे हेच सांगत होते की हे आकडे शास्त्राचे नाहीत. पण ते कोणाचे आहेत हे मलाही माहीत नव्हते. ते वर्ध्याच्या बाजारातल्या एका छापखान्याचे होते. शेठजींनी दुसऱ्या कारखान्याचा टाइप घेतला असता तर मंजुळाबाई पहिल्या दिवशीच बाकी उरल्या असत्या.

काकांनी खिळे एकेक करून ज्याच्या त्याच्या घरात टाकले. चहा घेतला. "टाइप चांगला आहे," मालकांना म्हणाले. ळ न घेताच आम्ही निघालो. परतताना ते पुन्हा खिडकीशी बसले, पण ओठ हलत नव्हते. हिंगणघाटच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी विचारले, "काका, काही खाता?" ते म्हणाले, "तिचं नाव तिथं कितीचं भरते थे पाह्यलंच नाई मी." मग म्हणाले, "नाई पाह्यलं थे बरं झालं."

त्यानंतर काही दिवस मी जायचे तेव्हा केसवर चादर टाकलेली असायची. ते खाटेवर बसलेले असायचे, अंगठा बोटावर फिरत असायचा. मी पुस्तके नेली, राजकारण बोलले, त्यांना आवडायचे ते भांडण काढले. ते हो म्हणायचे. माणूस माझ्याशी सहमत झाला आणि मला इतके वाईट वाटले, असे त्याआधी कधी झाले नव्हते.

एके सकाळी ते आमच्या दारात उभे. धुतलेला शर्ट, टोपी. "केळझरले येतं का माह्यासंगं?"

"मंदिरात?"

"वामनरावाकडं. तिच्याजोळ शेवटी तोच होता. तिनं जाताना कोणाचं नाव घेतलं, थे त्याले माहीत असंल." मग म्हणाले, "एकट्याचे पाय नाई चालत."

मी तयार झाले. खरे तर मी आणखी एका कारणासाठी तयार झाले होते. वामनरावांना काय काय ऐकवायचे ते गाडीत बसून मी मनात जुळवत होते. बहिणीला नेताना नवऱ्याकडे न पाहणारा माणूस. तेरवीच्या कार्डावरून त्याचे नाव गाळणारा माणूस. एक पूर्ण पत्रक तयार होते माझ्याकडे.

फाट्यावर उतरलो. टेकडीवरच्या गणपतीसाठी हार विकणारी बाई म्हणाली, "काका, दुर्वा घेऊन जा." काकांनी टोपीला हात लावला आणि पुढे गेले. मग परत येऊन विचारले, "वामनरावाचं घर कोणतं?" त्यांना ते घर माहीत नव्हते.

वामनराव अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत बसले होते. खूप म्हातारे झाले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, नुकतेच ऑपरेशन झालेले. त्यांनी मान तिरपी करून पाहिले आणि पाहतच राहिले.

"जवाई," ते म्हणाले.

काका उभेच.

"बसा ना. आता तं बसा." त्यांनी आत हाक मारून पाणी आणायला सांगितले. मग माझ्याकडे बोट केले. "ही कोण?"

"आमच्या सरांची पोरगी. नास्तिक आहे, पण चांगली आहे."

पाणी आले. काकांनी पेला हातात घेतला. वामनराव म्हणाले, "तेरवीले काऊन नाई आले?"

काकांनी पेला खाली ठेवला. "बोलावणं नव्हतं."

"नव्हतं कसं? कार्ड तुमच्याच छापखान्यात पाठवलं होतं का नाई? सेलूत प्रेस होती, तीन कोसावर. मी पोराले म्हणलं, सेलूले देऊ नको, वर्ध्याले जा. जवाई तिथं हात लावतीनच, त्यायले तारीख-येळ समजंल." वामनरावांचा एक डोळा काकांवर होता. "मले यायले तोंड नव्हतं. तुमचं नाव टाकतो म्हणलं तं भाऊबंद उठले. मंग मी असं केलं. पंगत थांबवून धरली होती, जवाई. दुपारची दोनची गाडी गेली, मंग बसवले लोक."

माझ्याकडचे पत्रक तिथेच राहिले.

"वाचलं नव्हतं का कार्ड?" वामनरावांनी विचारले.

"जुळवलं होतं," काका म्हणाले. "मोजलं होतं." मग म्हणाले, "वाचलं नाई."

आतून कोणीतरी डोकावून गेले. काकांचा अंगठा बोटावर फिरत होता. शेवटी त्यांनी ज्यासाठी आले होते ते विचारले. "जाताना तिनं नाव घेतलं काय? कोणाचं?"

"देवाचं म्हणता?"

"हो."

वामनरावांनी विचार केला. "नाई. खोटं काऊन सांगू. देवाचं काही बोलली नाई. तुमच्या नाई, आमच्याही नाई. पाणी मागतलं. आन् डब्याचं विचारलं."

"कोणत्या डब्याचं?"

"तुमच्या. छापखान्यात नेता तो. म्हणे, त्यायचा डबा कोण करून राह्यलं? मी म्हणलं, करत असंल कोणी. तं म्हणे, कोणी नाई करत, मले माहीत आहे."

काका उठले. "कुठी अग्नी देला होता तिले?"

"वावरात. चाला."

घरामागून दहा मिनिटांची वाट. वामनराव पुढे काठी टेकत, मागे काका, त्यांच्या मागे मी. तूर उभी होती, पिवळी फुले आलेली, काकांच्या कपाळाइतकी. बांधावर वामनराव थांबले आणि काठीने दाखवले. "इथंच कुठी तरी. तवा कापूस होता इथं. नांगरून नांगरून जागा आता नक्की नाई सांगता येत. त्या बोरीपासून असंल थोडं अलीकडं. का पलीकडं."

काका बांधावरून खाली उतरले आणि तुरीत शिरले. सुरुवातीला पावले दिसत होती, मग नुसता वरचा भाग, मग टोपी. टोपी बोरीपर्यंत गेली, परत आली, थोडी उजवीकडे सरकली आणि एका जागी थांबली. ती जागा का, ते त्यांनाच माहीत, किंवा त्यांनाही नसेल. वामनराव बांधावर बसले. मला म्हणाले, "उभी काऊन, पोरी? बस. त्यायले येळ लागंल."

रस्त्यावरून वर्ध्याची गाडी गेली. आमच्या दोघांपैकी कोणी हाक मारली नाही. तूर वाऱ्याने हलत होती, आणि तिच्यात टोपी तेवढी हलत नव्हती.